पायाळूचा पाय

मी जगात आले ती पायांकडून. डोकं मागाहून आलं, आणि अजूनही ते मागाहूनच येतं, असं आई चारचौघींत सांगायची. असं उलटं जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. पायाळूच्या पायात गुण असतो, ही आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबरेत चमक निघाली, की त्याने पालथं पडायचं आणि पायाळूने दुखऱ्या जागी डाव्या पायाने हलक्या लाथा मारायच्या. उसण पळते म्हणतात. पळत असेलही, मी कुठल्या उसणेला पळताना पाहिलेलं नाही.

गावात वर्षाकाठी दोन-चार पाठी यायच्या, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण मोठा दुष्काळ सरला, घाटाखालच्या आमच्या गावामागच्या डोंगरावर जंगल खात्याने झाडं लावायचं काम काढलं, आणि अख्ख्या गावाच्या पाठी एकदम दुखायला लागल्या. सकाळी कामावर पोचलं की पायथ्याच्या सपाट खडकावर माणसं पालथी पडलेलीच असायची. बाया तिथे पडत नसत, त्या बोरीच्या झुडपामागे जायच्या. मी आधी खडकावर, मग बोरीमागे. मोठ्या माणसाला पाय लावला की लगेच त्याच्या पाया पडायचं, हा आईने घालून दिलेला शिरस्ता. म्हणजे आधी लाथ, मग नमस्कार. माझं लग्नाचं वय झालेलं. सोयरीक घेऊन येणाऱ्यांच्या कानावर माझी ही कीर्ती माझ्याआधी जाईल, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तसं त्या माणसांचं काही चुकत नव्हतं. पाठी दुखणारच होत्या. उन्हाळाभर आम्ही खड्डे खणले होते. वर बोटभर माती, खाली मुरूम, मुरमाखाली काळा दगड. पुरुष सब्बल मारायचे, ती जड लोखंडी पहार. सब्बल दगडावर बसली की तिचा झटका मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत जायचा. भाकरी चावताना दाढा ठणकतात असं सब्बलवाले सांगायचे. बाया खड्ड्यात वाकून मुरूम घमेल्यात ओढायच्या. खड्डा खोल होत गेला की बाई जवळजवळ डोक्यावर उभी, आणि त्याच अवस्थेत वरून मुकादमाचं चालू, आटपा आटपा. मुकादम आमच्याच गावचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. वाईट माणूस नव्हता. पण स्वतः कधी खड्ड्यात वाकला नव्हता.

पावसाळ्यात त्याहून अवघड काम आलं. रोपांचा ट्रक रस्ता संपतो तिथे खाली थांबायचा. एकेका रोपाला मातीची पिशवी, ती माती पाणी पिऊन जड झालेली. अशा पिशव्या टोपल्यात रचून डोक्यावरून चढावर न्यायच्या. चप्पल घातली तर घसरते, नाही घातली तर काटा जातो. बहुतेकजणी अनवाणीच चढायच्या, पायाच्या अंगठ्याने गवत धरत. मान खांद्यांत रुतून बसायची. वर पोचलं की ब्लेडच्या तुकड्याने पिशवी फाडायची, रोप खड्ड्यात ठेवायचं, माती ओढायची, टाचेने दाबायची, की पुढचा खड्डा. ओल्या हातात ब्लेड फिरायचं. आमच्यात एकीचीही डाव्या हाताची बोटं धड नव्हती. एका सब्बलवाल्या भाऊंच्या पायावर सब्बल पडली, तर त्यांनी चिंधी बांधली आणि त्याच पायाने दिवस काढला. दुसऱ्या दिवशी ते खडकावर माझ्यापुढे पालथे. पाठीचं बघ म्हणाले, पायाचं बोललेच नाहीत.

आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, आमच्या बायांनी त्यात आपल्या हाताने भर घातली होती. घाटाखालच्या काळ्या रानात सरकी टोबताना, एकेक बी बोटाने मातीत खोचताना, बाया ओळीने वाकून चालतात. एकदा वाकलं की धुरा, म्हणजे शेताचा बांध, येईपर्यंत पाठ उभी करायची नाही, हा कायदा. मधेच जी उभी राहील तिला सगळ्या मिळून चिडवणार, पाहुणी आली व, चहा ठेवा. मऊ सपाट रानात हे चालून जातं, धुराही लवकर येतो. डोंगरावर तो कायदा कुणी मागितला नव्हता, ना मुकादमाने ना जंगल खात्याच्या नाकेदाराने. बाया तो घरूनच पदरात बांधून घेऊन आल्या. डोंगरावरची ओळ उताराला आडवी जाते, एक पाय वर आणि एक पाय खाली, आणि धुरा तर तिथे नसतोच. तरी बाया ओळीच्या टोकापर्यंत वाकलेल्याच जायच्या.

मी रोजची पाहुणी. चार खड्डे झाले की मी उभी. मला मुळात एका जागी बूड टेकवत नसे, पायाला भिंगरी असलेली मी. उभी राहिले की घाटाचा रस्ता दिसायचा आणि बुलढाण्याकडे चढत जाणारी एखादी एसटी. आपण त्या गाडीत असायला पाहिजे होतं असं रोज वाटायचं. गाडीत बसून कुठे जायचं ते मात्र सुचत नसे.

ओळीच्या आघाडीला आई असायची. तिचा वेग तो ओळीचा वेग. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. एरवी आमच्या घराला गावात कोण विचारत होतं, पण पेरणी आली की एकेक घर आईला बोलवायला यायचं, कारण ती पुढे असली की ओळ वाकडी जात नाही. एवढा एकच मान तिच्या वाट्याला आला होता आणि तिने तो पाठीवर वागवला होता. डोंगरावर आमची जोडी होती. मी टोपलं वाहायची, ती लावायची, आणि फेऱ्यांच्या मधे मीही ओळीत वाकायची.

तिचं काहीतरी बिनसलंय हे मला आषाढातच कळलं. सकाळी ती भिंत धरून उठायला लागली. बसल्या जागी डावी मांडी चिमटीत धरून दाबायची. काय होतंय विचारलं तर म्हणाली, मुंग्या येतात, बाकी काही नाही. मी म्हटलं, पालथी पड, सगळ्या गावाला पाय लावते तसा तुलाही लावते. तिने अंग चोरलं. जिच्या पोटातून आलो तिला पाय लावायचा नसतो, म्हणाली. असा नियम मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तो तिचाच असावा.

मग मी म्हटलं, मामांना सांगू, नर्सरीत बसून पिशव्या भरायचं काम देतील. ते काम पोटुश्या बाया करायच्या. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला घराबाहेरच काढत होते. आघाडी सोडली की कोण विचारतं, एवढंच बोलली. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी परस्पर मामांना गाठलं. ते हसले. पुढची बाई बसवली तर ओळ कोण चालवणार, आणि घरात पायाळू असताना पाठ दुखतेच कशी, असं वर मलाच विचारलं. बाकीच्यांचंही तेच, घरचा वैद्य असून ही बाई कण्हते. मला इतका संताप आला की त्या दिवशी बोरीमागे मी दोघींना लाथा जरा जोरातच मारल्या. त्यांना म्हणे फार आराम पडला.

माझ्या पायगुणाला दुसरी बाजू होती. पायाळूवर वीज पडते म्हणतात. दुपारी घाटावर आभाळ भरून आलं, पहिला गडगडाट झाला, की सकाळी माझ्यापुढे पालथी पडणारीच माणसं मला दूर घालवायला लागायची. गरज सरो, वैद्य मरो. नाल्यापलीकडे रखवालीची एक खोपी होती, तिथे जाऊन मी एकटीने बसायचं, आभाळ मोकळं झालं की परत यायचं. वीज पडायचीच तर माझ्या एकटीवर पडावी, बाकी गाव वाचावं, असा सगळा हिशेब. खोपीत मी बसायची नाही. येरझाऱ्या घालून घालून मी तिथली जमीन गुळगुळीत केली होती. वर ओळ दिसायची, वाकलेल्या पाठींची, आणि सगळ्यात पुढे आई. माझं टोपलं तेवढ्यापुरतं दुसरी कुणी वाहायची.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी ट्रक उशिरा आला आणि टोपलं भरून मी निम्म्या चढावर पोचते तोच आभाळ गरजलं. ओळीतून आवाज आला, जा खाली. मी ऐकलं नाही. टोपलं वर टाकून येते, म्हटलं. वीज काय मला चेहऱ्याने ओळखते, असंही म्हटलं. पुन्हा गडगडलं, या वेळी अगदी डोक्यावर. तेव्हा आई ओळ सोडून खाली आली. आयुष्यात पहिल्यांदा ती मधेच ओळीतून उभी राहिली असेल. तिचा चेहरा पांढरा पडला होता. गावाला स्वतःच्या जिवाची भीती होती, तिला माझ्या. तिने माझ्या डोक्यावरचं टोपलं आपल्या हातांनी उतरवलं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली,

"जाय माय, तू खाली जाय. मले तू पाह्यजे."

मी गेले. आणखी काय करणार होते. नाला ओलांडला, खोपीशी पोचले आणि मागे वळले. ओळ वाकलेली होती. आई टोपलं घेऊन तिरकी चढत होती, डावा पाय ओढत, हे इतक्या लांबूनही दिसत होतं. पावसाची सर आली आणि मधे पडदा ओढल्यासारखं झालं. मी खोपीच्या आत जाऊन बाहेर आले, परत आत, परत बाहेर. सर सरली तेव्हा मी पाहिलं तर ओळीतल्या सगळ्या बाया उभ्या होत्या. टोक यायचं होतं आणि एकूण एक पाठ उभी होती. कुणी ओरडलं नाही, मला हाक आली नाही, पण मला तेवढ्यावरून कळलं आणि मी धावत सुटले.

आई एका ओल्या दगडावरून घसरून खालच्या दगडावर बसकण मारून आदळली होती. डोक्यावरचं टोपलं तिने शेवटपर्यंत सोडलं नव्हतं, म्हणून सगळं वजन तिच्यासकट खाली आलं. ती कुशीवर पडली होती, आजूबाजूला निंबाची रोपं सांडलेली. मला पाहताच गर्दीने वाट दिली. वर गडगडत होतं, पण मला आता कुणी जा म्हणालं नाही. मामा म्हणाले, लवकर पाय लाव. सगळेच म्हणायला लागले. सकाळी खडकावर पडणारे, बोरीमागच्या, सगळे. आणि आईने डोळे उघडले.

"लाव व माय. आता लाव," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि आधी तिच्या पाठीवर हात ठेवला. पायगुणाचं मला माहीत नाही, पण इतक्या पाठींना तळवा लावून मला एक कळत होतं, उसण भरलेली पाठ लाकडासारखी कडक लागते. ही पाठ तशी नव्हती. मधोमध ती सुजत चालली होती, मणक्याशी काहीतरी जागचं हललेलं बोटांना लागत होतं. मी तिच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबला आणि विचारलं, दुखतं का. तिने मला उलट विचारलं, कुठे हात लावलास. मी अंगठा नखाने दाबला. तिला काहीच कळत नव्हतं.

मी म्हटलं, मी पाय लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणी हिला हात लावला तर बघा. माणसं चिडली. गावाला पाय लावते आणि मायला नाही म्हणते. एक बाई मला बाजूला ओढायला लागली. मी आईच्या पाठीकडे तोंड करून तशीच बसून राहिले, कुणाच्याही ओढण्याने हलले नाही. आईने पुन्हा मागितलं. मी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी ते पाय चेचलेले सब्बलवाले भाऊच पुढे झाले. त्यांनी दोन सब्बलींना घोंगडी बांधली, आणि चौघांनी तिला उताराने खाली नेलं. रिकामा ट्रक अजून उभा होता. घाटाच्या प्रत्येक वळणाला ती ओरडायची आणि मी तिचं डोकं धरून बसले होते. बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं, मणका दबला आहे, फळीवर सरळ पडून राहायचं, आराम पडेल पण वेळ लागेल. तसंच झालं. आधी अंगठ्याला कळायला लागलं, मग पावलाला. दिवाळीनंतर ती काठी धरून दोन पावलं चालली. पण कंबरेला पट्टा कायमचा लागला आणि पाठ पुन्हा कधी वाकली नाही. जन्मभर वाकलेली बाई आता दिवसभर ताठ उभी असायची. हातातलं उलथनं खाली पडलं तर ते उचलायला मला हाक मारायची, आणि हाक मारण्याआधी बराच वेळ त्या उलथन्याकडे बघत राहायची.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती एकच सांगायची. पायाळू लेक घरात आणि मायची कंबर गेली. पाय लावला असता तर आज मी ओळीत असते. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगायची, ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगायची. एकदा माझा तोल गेला. मी तिला म्हटलं, महिनाभर मी तुझ्या मागे लागले होते, तेव्हा तूच नाही म्हणत होतीस ना. ती शांतपणे म्हणाली,

"म्हनूनच तं. तुले मी एकदाच मांगतला, अन् तू नाई म्हनली."

त्या दिवसापासून मी कुणालाच पाय लावला नाही. गावाने आधी मनधरणी केली, मग पायातला गुण गेला म्हणून मोकळं झालं. आम्ही दोघी एका घरात राहत होतो आणि कामापुरतं बोलत होतो. मला घर खायला उठायचं. बाहेर पडले की घराची ओढ लागायची, घरात आले की बाहेरची.

पुढच्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायचं काम निघालं. आईला मामांनी पाणी पाजायचं काम दिलं. अंजनाच्या झाडाखाली उंच दगडावर माठ ठेवून, लांब दांड्याच्या ओगराळ्याने ती उभ्या उभ्या पाणी द्यायची. आणि ओळीच्या आघाडीला बायांनी मला उभं केलं. आईच्या जागी लेक, त्यांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. आईचं वर्षभराचं बोलणं मला लागलं होतं. आई झाडाखालून बघते आहे हे माहीत होतं, आणि मी ठरवलं, आता बघच. मी वाकले ती ओळ संपेपर्यंत उठले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाहुणी म्हणायला आता कुणाला जागा नव्हती. बाया कौतुक करायला लागल्या, अगदी मायसारखी चालते म्हणाल्या. मी घाटाच्या रस्त्याकडे बघायचं सोडलं. त्या कौतुकाची गोडी लागते, हे खरं आहे.

श्रावणाच्या तोंडाशी माझ्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आघाडी सोडावी लागली असती, आणि ती सोडायला मी आता तयार नव्हते. रात्री पाठ टेकली की कंबरेपासून टाचेपर्यंत एक तार ओढल्यासारखी व्हायची. सकाळी मी आईच्या आधी उठायची, कारण मी भिंत धरून उठते हे तिला दिसायला नको होतं.

एके दिवशी आमची ओळ नेमकी अंजनाच्या झाडाजवळून गेली. मी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्याकडे सरकताना डावी मांडी चिमटीत धरली, दाबली आणि पुढे निघाले. ओगराळं माठावर ठेवल्याचा आवाज आला. मग काठीचा. आईचे पाय माझ्या पुढच्या खड्ड्यापाशी येऊन थांबले.

"उभी राह्य," ती म्हणाली.

मला वाटलं, पाणी प्यायला म्हणते. टोकाला जाऊन पिईन असं मी वाकल्या वाकल्याच सांगितलं. माझ्या मागे ओळ थांबली होती आणि बाया वाकलेल्याच वाट बघत होत्या. आई हलली नाही. तिला खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघता येत नव्हतं, म्हणून तिने काठी बाजूला टाकली आणि माझ्या पाठीवर, अगदी दुखऱ्या जागी, हात ठेवला. तिला जागा विचारावी लागली नाही.

"तुह्या पाठीले कोन पाय लावन, माय?" ती म्हणाली. "उभी राह्य."

मी उभी राहिले. एकदम राहता आलं नाही, तिच्या खांद्याला धरून राहिले. वर्षभराने मी तिचा चेहरा इतक्या जवळून बघत होते. मागे पहिली बाई उभी राहिली, मग तिच्या मागची, मग हळूहळू सगळी ओळ. पाहुणी आली असं कुणी म्हणालं नाही. मी खाली वाकून आईची काठी उचलणार होते, पण तिने मला वाकू दिलं नाही. मागच्या बाईने ती उचलून दिली. मग आई झाडाखाली गेली, माठातून पाणी काढायला लागली, आणि आम्ही सगळ्याजणी ओळीच्या मधेच उभ्या राहून पाणी प्यायलो.